मिलाग्रोसचा जोडा

शारजा, औद्योगिक क्षेत्र
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अफशा,

अस्सलामु अलैकुम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो राहिलच्या फोनवर पाठवतो आहे. तुझ्या भावाला मी बजावलं आहे की पानं वाचायची नाहीत, फोन सरळ आपाच्या हातात द्यायचा. राहिल, तू वाचत असशील तर इथेच थांब.

माझ्या खोलीतल्या अक्रमने सुट्टीवर आल्यावर म्हसळ्यात तुला काय सांगितलं हे मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मी इथे एका गोऱ्या ख्रिस्ती मुलीला जोडा देणार आहे, असं त्याने सांगितलं. आणि आपल्याकडे मुलाकडून मुलीसाठी पायातला जोडा गेला म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. निकाहच्या आधी तुझ्या मामींनी तुझ्या पायाचं माप कागदावर काढून पाठवलं, त्या दिवशी आपली बोलणी पक्की झाली होती. त्यामुळे तुझा राग मला समजतो. पण तुझे मामू पुढच्या महिन्यात दोन्हीकडची माणसं बसवणार आहेत, आपलं लग्न ठेवायचं की मोडायचं ते ठरवायला, असं राहिलकडून कळलं. लग्नाला अजून दोन वर्षंही झाली नाहीत. माणसं बसण्याआधी तू माझं ऐकून घ्यावंस, एवढंच मागणं आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो. मी अहमदचाचांच्या गॅरेजची मिनीबस चालवतो हे तुला माहीत आहे. शनिवारी त्या बसला काम नसतं. मार्चपासून चाचांनी ती शनिवारी मुलांसाठी दिली आहे. ही मुलं पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला, मेक्सिको अशा देशांतली. स्पॅनिश बोलतात. हे देश कुठे आहेत ते मी नकाशात शोधून काढलं. आपल्याहून इतके लांब आहेत की आपल्याकडे दिवस असतो तेव्हा तिकडे माणसं झोपलेली असतात. यांचे आईबाप इथे हॉटेलांत सफाई करतात, वाद्यं वाजवतात, विमानतळावर सामान चढवतात. बहुतेक जण दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमध्ये दोन-दोन कुटुंबं अशी राहतात. मुलांना शाळेत अरबी सक्तीचं आहे, आणि घरी शिकवायला कोणी नाही. आईबाप कामावर गेले की मुलं दार लावून मोबाइल बघत बसतात.

चर्चमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांनी हे आधी पाहिलं. त्यांच्यापैकी एकजण अल मजाजमध्ये चाचा आणि त्यांच्या बायको सायराखाला राहतात त्याच इमारतीत राहते. लिफ्टमध्ये बोलणं झालं, आणि खाला चाचांना म्हणाल्या, ‘तुमची गाडी शनिवारी ऊन खात उभी असते, तिला पुण्य तरी कमवू द्या.’ इथे परवानगीशिवाय पैसे गोळा करता येत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं की ज्याच्याकडे जे आहे ते त्याने द्यायचं. जेबेल अलीला चर्च आणि गुरुद्वारा जवळजवळ आहेत. चर्चने खोली दिली. गुरुद्वाऱ्याने जेवण दिलं, त्यांच्याकडे लंगर असतोच. आपल्या जमातीने बस, ड्रायव्हर आणि सायराखाला दिल्या. खाला अरबी अक्षरं शिकवतात. एका पोराने त्यांना विचारलं, ‘व्हॉट डज इट मीन?’ खाला म्हणाल्या, ‘बेटा, हमको पढना आता है, मतलब तुम्हारी टीचर बताएगी.’ पोरगं हसलं, पण त्या दिवसापासून त्याचं वाचन सगळ्यांत पुढे आहे.

आता जिची गोष्ट आहे ती. मिलाग्रोस. पेरूची. पंधरा पूर्ण होतील. आई नेलिदा हॉटेलात खोल्या साफ करते, बाप मालवाहू जहाजावर आहे, वर्षातून एकदा भेटतो. मिलाग्रोस लहान मुलांना बसमध्ये मोजून चढवते आणि मोजून उतरवते. मी तिच्याशी ‘डोर क्लोज’ आणि ‘सीटबेल्ट’ याच्यापलीकडे बोललेलो नाही.

एका शनिवारी सगळी मुलं उतरल्यावर नेलिदा थांबली. तिला इंग्लिश थोडं येतं, मला त्याहून कमी. तिने फोनमधलं भाषांतराचं ॲप उघडून स्पॅनिश बोलायला सुरुवात केली, आणि फोनमधली बाई हिंदीत सांगू लागली. माझी मुलगी पंधरा वर्षांची होते आहे. आता ती लहान मुलगी राहणार नाही, स्त्री होणार. ती पांढरा पोशाख घालेल. अंगठी घालेल. देवासमोर वचन देईल. हॉलमध्ये सगळे येतील. तिचे जोडे तुम्ही द्यावेत आणि तुम्ही तिच्या पायात घालावेत, मग तिच्यासोबत एक नाच करावा, अशी माझी इच्छा आहे.

अफशा, मी मान हलवली. का हलवली हे मला सांगता येत नाही. समोरचा आशेने बघत असला की माझी मान आपोआप हलते, हे तू मला आधीही सांगितलं आहेस. खोलीवर येऊन मी महादूला सांगितलं. महादू म्हणजे आमच्या गॅरेजमधला पेंटर, पाथर्डीकडचा, माझ्या खालच्या बेडवर झोपतो. तो म्हणाला, ‘च्यायला यहया, दुसरं लग्न ठरवलंस आणि आम्हाला बिर्याणी नाही?’ अक्रम तेव्हा तिथेच बॅग भरत होता. एवढंच झालं. त्या एवढ्याचं म्हसळ्यापर्यंत जाताना किती झालं ते तुला माहीत.

बस सध्या बंद आहे. ब्रेकचं काम निघालं आहे, त्यामुळे शनिवारची शाळाही बंद आहे. म्हणून नेलिदाशी माझं पुढे बोलणं झालेलं नाही.

एक शब्द तरी कळव. रागाचा असला तरी चालेल.

तुझा,
यहया


शारजा
बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अफशा,

अस्सलामु अलैकुम. राहिलचा आवाजी निरोप आला: ‘दुल्हाभाई, आपा विचारते, ब्रेकच्या कामाला गॅरेजवाल्याची गाडी इतके दिवस बंद राहते का? आणि मी पत्र वाचलं नाही.’

नाही राहत. ब्रेकचं काम महादूची चहाची सुट्टी संपेपर्यंत उरकतं. तू विचारलंस ते बरं केलंस, कारण खोटं लिहिल्यापासून मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं. बस माझ्यामुळे बंद होती.

मी मान हलवली खरी, पण दुसऱ्या दिवशी मला वाटू लागलं की हे भलतंच आहे. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न. पांढरा पोशाख, अंगठी, देवासमोर वचन, जोडा. आणखी काय राहिलं? माझ्याशीच की दुसऱ्या कोणाशी तेही मला नीट उमगलं नव्हतं. जोडा मी द्यायचा म्हणजे माझ्याशीच, असं मन म्हणे. नेलिदाला पुन्हा विचारायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी अल मजाजला चाचांच्या घरी गेलो आणि चाचांना सांगितलं.

चाचा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला. ‘पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न? आणि आपण तिला माझ्या गाडीतून नेतो-आणतो? बंद करा गाडी. खलास.’

सायराखाला म्हणाल्या, ‘अहो, आधी त्या बाईला विचारा तरी.’

‘हा सांगतो आहे ना. तिने याला जोडा मागितला.’

‘जोडा?’ खाला माझ्याकडे वळल्या. ‘तुला? तुझं लग्न झालंय की रे.’

मी म्हणालो, ‘तेच तर.’

त्या शनिवारी बस गेली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मुलं खाली येऊन इमारतीच्या सावलीत उभी राहिली आणि परत वर गेली, हे मला नंतर कळलं. नेलिदाचे फोन मी घेतले नाहीत. तू माझे घेत नव्हतीस आणि मी तिचे घेत नव्हतो. न उचललेला फोन दोन्ही टोकांनी कसा वाजतो ते मला तेव्हा कळलं.

शेवटी गुरुद्वाऱ्यातल्या सरदारजींनी चाचांना फोन केला. ते शनिवारी लंगरात रोट्यांवर देखरेख करतात. म्हणाले, ‘अहमद भाई, बच्चे नहीं आए तो हमने समझा छुट्टी है. अब क्या बात है? लडाई है तो इधर आके करो, रोटी खाके करो.’ चाचा नको म्हणत होते. खालांनी अबाया चढवला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मग चाचा निघाले. मीच चालवत होतो, त्यामुळे मला निघणं भाग होतं.

लंगराच्या स्वयंपाकघरात मोठ्या परातींच्या बाजूला आम्ही बसलो. चर्चच्या दोन बायका, नेलिदा, मिलाग्रोस, सरदारजी, चाचा, खाला आणि दाराजवळ मी. नेलिदाचे डोळे सुजलेले होते. खालांनी सरळ विचारलं, ‘तुम्हारी बेटी का शादी है?’

मिलाग्रोसला शाळेतल्या मुलींमुळे हिंदी समजतं. तिने ते ऐकलं, आणि अफशा, ती पोरगी इतकी जोरात हसली की पीठ मळणारी माणसं थांबली. ‘वेडिंग? माय वेडिंग? ममा!’ तिने आईला स्पॅनिशमध्ये सांगितलं. नेलिदा आधी हसली, मग रडली, मग माझ्याकडे बघून तिने काहीतरी म्हटलं. मिलाग्रोसने त्याचं इंग्लिश केलं नाही. म्हणाली, ‘शी इज सेइंग समथिंग अबाउट युअर हेड.’

मग नेलिदाने फोनवर आपल्या भाचीचं चित्रीकरण दाखवलं. लिमामध्ये झालेलं. त्यांच्यात मुलगी पंधराची झाली की तिचा सोहळा करतात. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग मेजवानी. नवरा कुठेच नाही. अंगठी बापाकडून. वचन देवाला, की मी चांगली वागेन. आणि मुलगी खुर्चीवर बसते, साध्या सपाट चपला काढून तिच्या पायात टाचेचे बूट घालतात, बापाने घालायचे. म्हणजे आजपासून मोठी झालीस. बाप जहाजावर आहे, म्हणून नेलिदाने मनात ज्याला भला माणूस ठरवलं त्याला विचारलं. तो मी.

‘अरे मुला,’ खाला म्हणाल्या, ‘हा वाढदिवस आहे. वाढदिवस! आणि तू पोरीला बोहल्यावर चढवून आलास.’ सरदारजींनी हसत हसत माझ्या पाठीत थाप मारली, ती अजून दुखते. चाचा हसले नाहीत. ते नेलिदासमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, ‘बहन, गाडी शनिवार को आएगी. हर शनिवार आएगी.’ मग पाणी प्यायला निघून गेले.

यातली सगळ्यांना आवडलेली गोष्ट सांगतो. या सोहळ्याचा भार एकटं घर उचलत नाही. केक एकाचा, पोशाख दुसऱ्याचा, मुकुट तिसऱ्याचा. ज्याने जे दिलं त्याचा तो धर्मबाप किंवा धर्ममाय, आणि ते नातं जन्मभराचं. चर्चची बाई ते समजावत होती तेव्हा सरदारजी म्हणाले, ‘लो जी, यह तो हमारी शनिवार वाली बात है.’ तिथेच वाटणी झाली. पोशाख चर्चच्या बायका शिवणार. जेवण गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरातून. तांदळाची वाफवलेली गोड सांदण सायराखालांची. खुर्च्या आणि कमान आमच्या गॅरेजची.

जोडा तेवढा राहिला. मी म्हणालो की मी देणार नाही. खाला म्हणाल्या, ‘हा देऊ शकत नाही. आमच्यात विवाहित पुरुषाने परक्या मुलीला जोडा दिला तर त्याच्या घरी आग लागते, आणि लागलेलीच आहे.’ हे मिलाग्रोसने आईला सांगितलं. नेलिदा माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘यू हॅव वाइफ. आय डोन्ट नो. व्हाय यू नो टेल?’ आणि मग असं की त्यांच्यात हे धर्मआईबाप जोडीनेच असतात. बायकोला सोडून एकट्या नवऱ्याला कोणी विचारत नाही. माझं लग्न झालेलं आहे हे माहीत असतं तर तिने आधी तुला विचारलं असतं.

तर आता ती तुलाच विचारते आहे, माझ्याकडून. तू हो म्हणालीस तर जोडा तुझा. नाही म्हणालीस तर चाचा आणि खाला देतील, त्यांची तयारी आहे, आणि कोणी तुला बोल लावणार नाही. मी यात काहीच म्हणणार नाही. मान हलवणार नाही.

यहया


शारजा
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अफशा,

अस्सलामु अलैकुम. हे पत्र म्हसळ्याच्या झुबेरच्या हाती देतो आहे, तो बुधवारी घरी येतो. मापाचा कागद घडी न करता पुठ्ठ्यात घालून दिला आहे. घडी पडली तर माप बदलतं.

तू खालांना फोन केलास. मला नाही केलास. खालांच्या घरी बसचा हिशोब द्यायला गेलो होतो, तेव्हा त्या स्वयंपाकघरात फोनवर बोलत होत्या, हसत होत्या, आणि मधेच ‘अगं, तो तसाच आहे’ असं म्हणाल्या. कोणाबद्दल ते मी ओळखलं. मी बाहेरच्या खोलीत पंखा बघत बसलो. बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, ‘मुलीच्या पायाचं माप पाठव. दोन्ही पायांचं.’

‘म्हणजे अफशाने हो म्हटलं?’

‘माप पाठव म्हटलं.’

‘आणि माझ्याबद्दल?’

‘तुझं माप तिने मागितलं नाही,’ खाला म्हणाल्या आणि कांदा कापायला गेल्या.

माप मी घेतलं नाही. नेलिदाने घेतलं, बसमध्ये, शेवटच्या सीटवर. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून समोर रस्त्याकडे बघत होतो. मिलाग्रोस सारखी ओरडत होती, ‘इट टिकल्स! ममा, इट टिकल्स!’ लहान मुलांनाही मग आपापल्या पायांची मापं हवी झाली. झाली सगळ्यांची. त्यामुळे पुठ्ठ्यात तुला पुष्कळ पाय सापडतील. मिलाग्रोसचे वरच्या कागदावर आहेत, त्यावर मी नाव घातलं आहे. डावा पाय थोडा मोठा आहे. इथल्या दुकानात जोडा आकडा सांगून मिळतो, पण आकड्यात डावा-उजवा कळत नाही.

तू प्रश्न विचारला नाहीस तरी शनिवारबद्दल लिहितो. एका कोलंबियन मुलाचा बाप हॉटेलात गिटार वाजवतो. त्याची नोकरी गेली होती. आपल्या जमातीतल्या एकाने सुट्टीच्या दिवशी आपल्या हॉटेलात त्याचं वाजवणं लावून दिलं. तो माणूस त्याचे आभार मानायला आला, रांगेत बसून जेवला आणि मग लंगरात वाढू लागला, आता दर शनिवारी वाढतो. डोक्याला रुमाल बांधून स्पॅनिश गाणं गुणगुणत डाळ वाढतो. सरदारजी त्याला ‘उस्ताद’ म्हणतात. चाचा नमाज पढून येईपर्यंत मुलांचं जेवण थांबवायचं नाही असं चाचांनीच सांगितलं आहे, पण मुलं थांबतात. कोणी शिकवलं नाही.

महादू कमान करतो आहे. लोखंडी नळ्या वाकवून केली आणि गाड्यांचा उरलेला मोतिया रंग मारला. उन्हात ती नव्या गाडीसारखी चमकते. मी म्हटलं, ‘महादू, अक्रमसमोर तू ती थट्टा केली नसतीस तर बरं झालं असतं.’ तो म्हणाला, ‘मी नसती केली तर तू अजून घाबरून बसला असतास आणि तुझ्या बायकोला कळलंच नसतं की तू किती येडा आहेस.’

राहिल सांगतो की मामूंनी माणसं बसवण्याचा दिवस अजून नक्की केलेला नाही, नोव्हेंबरच्या शेवटी करतील. मी त्याबद्दल काही लिहिणार नव्हतो. पण लिहिल्याशिवाय पत्र बंद होत नाही. अफशा, मी आपल्या घरासाठी इथे आहे. तू माझ्याबरोबर राहायला हवीस असं मला वाटतं, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण खोलीत सहाजणांत राहणाऱ्या माणसाने असं म्हणणं मला शोभेल का असं वाटायचं. आता अहमदचाचांच्या इमारतीमागे एक लहान खोली रिकामी होते आहे. खिडकी आहे. मी बघून आलो. तुला विचारल्याशिवाय हो म्हटलेलं नाही.

यहया


शारजा
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय अफशा,

अस्सलामु अलैकुम. काल तू सगळं फोनवर पाहिलंस, तरी लिहितो. फोनमध्ये महादूचा अंगठा अर्ध्याहून जास्त वेळ मधे होता, त्यामुळे तुला पूर्ण दिसलं नसणार.

चर्चमधल्या प्रार्थनेला आम्ही मागच्या बाकावर बसलो. चाचा बाहेर बसले, पण दाराशी, म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. मिलाग्रोस पांढऱ्या पोशाखात आत आली, तेव्हा सरदारजींनी पगडी सारखी केली आणि खालांनी ‘माशाअल्ला’ म्हटलं, जरा मोठ्यानेच. पुढच्या बाकावरची एक बाई वळून हसली.

हॉलमध्ये महादूची कमान. गुरुद्वाऱ्यातून आलेली मोठी पातेली. सांदण बघता बघता संपली, कारण पेरूच्या बायकांना वाटलं तो केक आहे. उस्तादने गिटार घेतलं. खुर्ची मधे ठेवली. बापाला फोन लावला होता, पण जहाजाला समुद्रात नेटवर्क नव्हतं. नेलिदाने फोन पुन्हा पुन्हा लावून बघितला, मग पदराआड ठेवावा तसा छातीशी धरून ठेवला. मिलाग्रोस खाली बघत होती.

तेव्हा खालांनी तुझा हुकूम वाचल्यासारखा सांगितला. मला त्याआधी काहीच कळू दिलं नव्हतं, तुम्ही दोघींनी. ‘जोडा हिच्या धर्ममायकडून आला आहे, हिंदुस्तानातून, म्हसळ्याहून. धर्ममाय म्हणते, जोडा मी दिला, पण बाप नसेल तर पायात घालायचा तो आईने. आणि यहयाने जोडा ठेवलेली उशी धरायची. बाकी काही करायचं नाही.’

मी उशी धरली. सरळ धरली.

नेलिदा गुडघ्यांवर बसली. पोरीच्या जुन्या चपला काढल्या आणि तू पाठवलेला जोडा हातात घेतला. आत टाचेला तू कापूस घालून वर मखमल शिवलीस ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. नेलिदाने बोट आत फिरवून बघितलं आणि वर खालांकडे बघितलं. खाला हिंदीत म्हणाल्या, ‘इसकी धर्ममाय बोलती है, मेरी शादी का जोडा काटता था. दिनभर काटा, मैंने किसी को नहीं बताया. इसको नहीं काटना चाहिए.’

अफशा, मला हे माहीत नव्हतं. तो जोडा मी इथल्या दुकानातून निवडून पाठवला होता. माप अगदी कागदावर ठेवून घेतलं होतं. तू पूर्ण दिवस हसत होतीस, मला वाटलं आवडला. तू सांगायला हवं होतंस. किंवा मी विचारायला हवं होतं. यापुढे विचारीन.

डावा पाय नीट बसला. मिलाग्रोस उठली, दोन पावलं चालली, आणि महादूच्या हातातल्या फोनसमोर गेली. ‘माद्रिना! इट फिट्स!’ माद्रिना म्हणजे धर्ममाय.

तू म्हणालीस, ‘वॉक. शो मी.’

ती चालली. एकदा डळमळली, मग नीट. हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते. आणि तेव्हाच तुझ्या मागच्या दारातून मामू आत आले. टोपी घातलेली, हातात काठी, तुझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत. महादूने अंगठा काढला, नेमका तेव्हा. मी उशी घेऊन तसाच उभा होतो, मामूंच्या समोर.

मामू म्हणाले, ‘अफशा, रविवारी माणसं बसवायची का, ते विचारायला आलो होतो. ही पोरगी कोण?’

तू म्हणालीस, ‘माझी धर्माची मुलगी. आज पंधराची झाली. जोडा मी दिला.’

‘कोणाला दिला? यहयाची ती भानगड हीच ना?’

‘भानगड नाही, मामू. वाढदिवस आहे.’

मामूंनी चष्मा नाकावर खाली ओढला. ‘आणि तो मधे उशी घेऊन उभा आहे तो कोण?’

इथे सगळे टाळ्या वाजवायचे थांबले होते. भाषा कोणाला कळत नव्हती, तरी थांबले होते. खालांनी माझा हात धरला होता.

तू म्हणालीस, ‘तो माझा नवरा. माणसं बसवायची असली तर बसवा, चहा मी करीन. पण ठरवायला काही उरलेलं नाही.’

मामूंनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ‘उशी खाली ठेव म्हणावं त्याला, हात दुखतील.’

महादूने ते मला मोठ्याने सांगितलं, जणू मला ऐकू आलंच नव्हतं, आणि हॉलमध्ये जे मराठी समजणारे होते ते सगळे हसले. मग सरदारजीही, सगळे का हसताहेत ते कळायच्या आत, हसू लागले. उस्तादने गिटार सुरू केलं. नाच मिलाग्रोसने आईबरोबर केला, आणि जोडा चावला नाही, तिने मला नंतर येऊन मुद्दाम सांगितलं.

मुलांना घरी सोडून मी बस गॅरेजमध्ये लावली आणि तुला फोन केला. तू उचललास. आपण काय बोललो ते इथे लिहीत नाही, राहिल हे वाचणार आहे. फक्त तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर मी लगेच दिलं नव्हतं, मी गडबडलो होतो. ते आता नीट लिहून देतो. तू विचारलंस, ‘मी आले तर तुमच्या बसमध्ये मला कुठे बसवणार?’

माझ्या मागच्या पहिल्या जागेवर. तिथून मी आरशात दिसतो आणि मुलं मागे दिसतात. आज सकाळी चाचांना सांगून इमारतीमागची ती खोली घेतली, खिडकीवाली, आणि तुझ्या व्हिजिट व्हिसाचे कागद द्यायला मी उद्या जातो आहे. पासपोर्टाचा फोटो पाठव. मागचं पानही.

तुझा,
यहया